पुढच्या चाकाचा मान

गाडीचं मागचं अंग पुढं जायला निघालं होतं. मी मागच्या सीटवर डावीकडं, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. घोटी मागं पडली होती, पाऊस धो धो, पुढं लहानसा उतार आणि डावं वळण. वळणात शिरल्यावर कारभारीनं अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय जरा उचलला आणि आम्ही बसलो होतो तो भाग उजवीकडं सरकला. शेवाळावरून पाय जातो तसा, आवाज न करता. काचेतून रस्ता दिसत होता तिथं भाताचं खाचर दिसलं, मग आम्ही आलो तो रस्ता दिसला, मग दुसऱ्या बाजूचं खाचर. पुढच्या खिडकीत बसलेला संपत "दाजी, दाजी" एवढंच म्हणत होता. माझ्या शेजारी पार्वती, म्हणजे कारभारीची बायको आणि संपतची सख्खी बहीण. तिनं माझा दंड असा धरला की तो पुढं किती दिवस काळानिळा होता. कारभारी स्टिअरिंग उलटं मारत होता आणि ओरडत होता, "पुढची धरत्यात! पुढची धरत्यात की!"

खोटं बोलत नव्हता. पुढची दोन चाकं रस्ता धरून होती. मागच्या दोघांनी सोडला होता.

हा कारभारी कोण ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही.

कारभारी हे त्याचं पाळण्यातलं नाव. सिन्नरकडं पोरांचं असं नाव ठेवतात. नाशकात द्वारकेच्या टॅक्सी स्टँडवर त्या नावाची रोज चेष्टा व्हायची. कोणीतरी म्हणायचं, "कार भारी, ड्रायव्हर हलका." तो म्हणायचा, "हलका हाय म्हनून तर कार पळती." स्टँडच्या कडेला माझा गाडा होता. हार, सुटी फुलं, लिंबू-मिरची. त्यामुळं तिथले सगळे ड्रायव्हर मला रोज दिसायचे आणि सगळ्यांत जास्त कारभारी दिसायचा, कारण तो एका जागी कधी नसायचा.

वाळका माणूस, खाकी सदरा, पांढरी टोपी, उजव्या मोज्यात खोचलेला कंगवा. काळी-पिवळी अँबॅसेडर स्वतःची. सीट भरून कल्याण, नाही तर दादर. सीट भरेपर्यंत बाकीचे ड्रायव्हर पत्ते खेळायचे, झोपायचे. हा चालायचा. स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. चहा चालत प्यायचा आणि ग्लास कुणाच्याही बॉनेटवर ठेवून पुढं जायचा. मग चहावाला ओरडायचा, "कारभारी, गिलास!" तर हा तिकडून ओरडायचा, "हाय तिथंच हाय!" कुठं ते सांगायचा नाही, कारण त्यालाच माहीत नसायचं. मी त्याला स्टूल दिलं तर बसायचा आणि बसल्या बसल्या डावा पाय क्लच दाबत राहायचा. मग उभा राहायचा आणि माझ्या झेंडूची देठं खुडायला लागायचा. अर्धी पाटी खराब करायचा. मी हातावर फटका मारायची.

"भामाबाय, हात गप बसंना."

"तर मग खिशात घाल."

खिशात घातला की आतल्या किल्ल्या वाजवायचा.

त्याची दुसरी गोष्ट म्हणजे मान. कुठल्याही वस्तूला, जागेला, माणसाला किती मान, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असायचं आणि ते कुणी मोडलं की तो पेटायचा. दर शनिवारी आणि अमावास्येला माझ्याकडून दोन लिंबं घ्यायचा. उलटीपालटी करून बघायचा, डाग नको, देठ मोडलेलं नको. ती पुढच्या दोन चाकांखाली ठेवायची आणि गाडी पुढं घेऊन फोडायची. सगळेच ड्रायव्हर असं करतात. मी एकदा विचारलं, "मागच्या चाकांनी काय पाप केलं रे?"

"मागचं चाकरीचं. पुढचं मानाचं."

"आणि गाडी कोण ढकलतं?"

"ढकलू दे की. ढकलनाऱ्याला कुठं कोन फेटा बांधतंय?"

नवा टायर आणला की तो पुढं लागायचा. पुढचा जुना मागं जायचा. मागचा झिजला की डिक्कीत स्टेपनी म्हणून पडायचा. ही काही त्याची एकट्याची रीत नव्हती, सगळा स्टँड तसंच करायचा. नवं ते पुढं, लोकांना दिसेल असं. निघायच्या आधी तो चाकांना लाथा मारून आवाज ऐकायचा, त्यातही पुढच्या दोघांना नीट थांबून, कान देऊन. मागच्यांना जाता जाता टाच.

गाडीतली पुढची डावी खिडकी हीसुद्धा मानाची जागा. ती आधी येईल त्याची नाही, ज्याचं वय जास्त त्याची. एकदा सफारी घातलेला एक साहेब सकाळीच येऊन त्या खिडकीत बसला, पेपर उघडला. मग मनमाडहून आलेली एक म्हातारी आली, कल्याणला मुलाकडं निघालेली. कारभारीनं पुढचं दार उघडलं.

"साहेब, मागं या."

"का? मी आधी आलोय."

"आधी तर मी आलोय. मी कुठं खिडकीत बसलोय?"

सगळा स्टँड हसला. साहेब पेपर गुंडाळून उतरला आणि दुसऱ्या टॅक्सीत गेला. म्हातारी म्हणाली, "बाबा, मला नको खिडकी, गार वारं लागतं. मला मधी बसव." पण तिचं कोण ऐकतो? तिला खिडकीत बसवली, वर तिच्याच लुगड्याचा पदर तिच्या कानाला गुंडाळून दिला. साहेबाची सीट रिकामी घेऊन गाडी निघाली. म्हातारी काचेतून माझ्याकडं बघत होती, पकडून नेल्यासारखी. मान द्यायचा म्हणजे द्यायचा. ज्याला द्यायचा त्याला तो पाहिजे का, हे कारभारीनं कधी विचारलं नाही.

सासुरवाडीशी त्याचं बिनसलं तेही असंच. पार्वतीच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. थोरला जावई म्हणून पहिला फेटा कारभारीचा. फेटे बांधायचं काम संपतकडं, तेव्हा त्याला मिसरूड नुकतं फुटलेलं. फेट्यांचं ताट घेऊन तो मांडवात आला, तर दाजी जागेवर नाहीत. दाजी जागेवर असतील कसे? ते मांडवाच्या मागं फेऱ्या मारत होते, आचाऱ्याला चूल कशी लावावी ते शिकवत होते. पोरगं गडबडलं. समोर जो पाहुणा बसला होता त्याच्या डोक्याला पहिला फेटा बांधून टाकला. कारभारी परत आला, त्यानं तो फेटा बघितला, चपला घातल्या आणि न जेवता निघून गेला.

तेव्हापासून त्यानं सासुरवाडीच्या वेशीच्या आत पाऊल टाकलं नाही. पार्वतीला मात्र माहेरी न्यायचा, हे खरं. वेशीपर्यंत न्यायचा, तिथं उतरवायचा आणि ती परत येईपर्यंत गाडीपाशी थांबायचा. तिकडं झेंडू चांगला व्हायचा, म्हणून मी एकदा फुलं आणायला त्यांच्याबरोबर गेले होते. पार्वती आत गेली. हा इंजिन चालू ठेवून गाडीभोवती फेऱ्या घालतोय. थोड्या वेळानं सासू स्वतः ताट घेऊन वेशीपर्यंत आली. म्हातारी बाई, उन्हाची. म्हणाली, "जावईबापू, दोन घास खा. पोराची चूक झाली, किती दिवस धरून बसाल?"

कारभारी म्हणाला, "बॉनेटवर ठेवा. गाडीला भूक लागली आसंल."

ताट बॉनेटवर राहिलं. मी जेवले त्यातलं. पुरणपोळी होती, टाकून का द्यायची? परतीच्या वाटेवर पार्वती मागं बसून म्हणाली, "तुमचा मान डिक्कीत टाकून ठेवत जा. तिथं जागा हाय लय." त्यानं गाडी जोरात मारली.

पार्वती त्याला घाबरायची नाही. तिचं दुःख वेगळं होतं. वडील नव्हते, आई थकलेली, माहेर म्हणजे आता संपत एकटा. संपत कल्याणला एका गोदामात लागला होता. भाऊबीजेला तो यायचा, पण कारभारी घरी नसेल अशी वेळ बघून. ओवाळून घ्यायचा आणि मागच्या दारानं जायचा. "माझा भाऊ चोरासारखा येतो," असं ती मला म्हणायची. एवढीच तिची इच्छा होती, की या दोघांनी एका पंगतीला बसावं.

मग एका साली श्रावण अधिक आला. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून जेवू घालतात आणि वाण देतात. अनारसे, बत्तासे, काहीतरी जाळीचं, भोकाचं. जावई घरी येणार नाही हे संपतला ठाऊक होतं. त्यानं काय करावं? वाण घेऊन तो सरळ द्वारकेच्या स्टँडवर आला. अपमान चारचौघांत झाला होता ना, मग तो चारचौघांतच फेडायचा. एका ट्रकमधून उतरला आणि मागून दोन टायर उतरवले. कोरे करकरीत, वर कागदाच्या पट्ट्या. माझ्याकडून दोन हार घेतले आणि टायरांना घातले. दोन्ही आडवे एकावर एक ठेवून वर अनारशांचं ताट ठेवलं. पार्वतीला आधीच निरोप गेला होता, ती रिक्षातून उतरली.

संपत म्हणाला, "दाजी, हे तुमचं धोंड्याचं वाण. भोक बघा केवढं आहे. एवढा मोठा अनारसा कुठल्या जावयाला मिळालाय?"

स्टँड हसून हसून लोळला. कारभारी हसला नाही. तो टायरांभोवती फिरला, पुन्हा फिरला, वाकून हात लावला. संपतनं पिशवीतून फेटा काढला. "आणि हा राहिला होता." कारभारीनं टोपी काढली. संपत त्याच्या डोक्याला फेटा बांधत होता आणि हा उभा होता. हात नाही, पाय नाही, काही हललं नाही. त्याला असा उभा मी पहिल्यांदाच बघितला.

बाजूलाच रशीदभाईचं टायरचं दुकान. पंक्चर काढायचा, टायर बसवायचा. फेट्यासकट कारभारी टायर घरंगळवत तिकडं गेला, आम्ही सगळे मागं. रशीदभाईनं टायरची कड अंगठ्यानं दाबून बघितली.

"हे रेडियल हैत."

"मग?"

"तुझे गाडीवर नायलॉन हैत. दोन्हीचा मेळ नाय. चारी बदलून टाक."

"चार कुठनं आनू? दोन आल्यात."

"दोनच हैत तर दोन्ही मागं लाव."

कारभारीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मागं?"

"मागं. पुढं लावलं तर गाडीची शेपूट जाते, कंपनीचा मानूस बोलून गेला."

"शेपूट कुठं जाती?"

"जाते बोलला."

"आरं पन कुठं? आन का?"

"मला काय मालूम का? त्यानं बोललं, मी ऐकलं. रेडियल मऊ असतो, रस्ता पकडतो. नायलॉन कडक. तुझे मागचे निम्मे झिजलेत पन. पावसाचे दिवस हैत, कारभारी. मागं लाव."

रशीदभाईला का ते सांगता आलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं. त्याला सांगता आलं नाही आणि भोवती माणसं हसायला लागली. "शेपूट जाते" हे पुढं चार दिवस स्टँडवर चाललं.

कारभारी म्हणाला, "भाई, ह्यो माझा मेव्हना हितं उभा हाय. त्याच्या देखत त्याचा आहेर मागं लावू? चाकरीच्या चाकाला?"

संपत म्हणाला, "दाजी, भाई सांगतात तर मागं लावा. माझं काही नाही." म्हणाला खरा, पण तोंड पडलं होतं. कारभारीनं ते बघितलं. पार्वतीनंही बघितलं, पण ती म्हणाली, "मागंच लावा. टायर तर टायर, त्याला काय डोळं हायेत? कुठं बसवलं ते त्याला कळतंय व्हय?"

"तू मधी बोलू नको. लोकांना दिसाया पायजे."

"लोकांना दाखवायला गळ्यात घालून हिंडा मग."

रशीदभाईनं टायर रिमवर चढवून दिले, हवा भरून दिली आणि हात झटकले. "गाडीला मी लावनार नाय." "नको लावू." जॅक कारभारीनं स्वतः लावला, फेटा न उतरवता. दोन्ही कोरी चाकं पुढं. पुढची जुनी नायलॉन डिक्कीत. मागची होती तशीच राहिली. मग माझ्याकडून दोन लिंबं घेतली आणि पुढच्या चाकांखाली फोडली. त्या दिवशी त्यानं डागही बघितले नाहीत.

चार-सहा दिवस पाऊस उघडला होता. गाडी अशी चालली की कारभारी वेडा झाला. स्टँडवर येईल त्याला सांगायचा, "बोटानं वळती. म्हनंल तितं वळती." पुढचं चाक इतकं धरायचं की त्याचा हात धीट झाला. वळणात पूर्वी जिथं हळू करायचा तिथं करीना. मागच्या चाकाला ते झेपतंय का, हे कुणाच्या मनात येणार? रशीदभाई दुकानातून बघायचा. एकदा माझ्याकडं बघून त्यानं नुसती मान हलवली.

संपत त्या दिवसांत त्यांच्याकडंच राहिला होता. दोघं एका पंगतीला जेवले. पार्वती रोज काहीतरी तळायची. मग संपतची रजा संपली. कारभारी म्हणाला, मी स्वतः कल्याणला सोडतो, सीट घेणार नाही, घरची गाडी म्हणून जायचं. पार्वती बरोबर निघाली. माझी लेक इगतपुरीला रेल्वेच्या चाळीत, नुकती बाळंत झालेली. मी लाडू केले होते. म्हटलं, मला वाटेत सोडा.

निघताना संपत मागं बसायला गेला. "मी ताईजवळ बसतो, गप्पा होतील." कारभारीनं त्याचा दंड धरला. "आहेर देनारा मागं बसत नसतो." आणि पुढच्या खिडकीत बसवला. मी संपतच्या मागं, पार्वती कारभारीच्या मागं.

घोटीला पावसानं गाठलं. तिथल्या पावसाला थेंब नसतात, वरून ओततातच. वायपर फिरून काच पुसेपर्यंत पुन्हा भरायची. पार्वती म्हणाली, "जरा हळू घ्या."

"पुढची बघ कशी धरत्यात."

"मला पुढची दिसत न्हाईत. हळू घ्या."

संपतनं मागं वळून तिला काहीतरी हसत सांगितलं. मला ऐकू आलं नाही. मग ते वळण आलं.

पाऊण गिरकी झाली आणि रस्त्याच्या कडेचं जांभळाचं झाड पुढच्या डाव्या दारावर बसलं. एक हात मागं बसलं असतं तर हे सांगायला मी नसते. भाताची लावणी चालली होती, खाचरांतून इरली घेतलेल्या बायका धावत आल्या. त्यांनीच दारं ओढली. माझ्या बरगड्यांना मार, पार्वतीचं मनगट मोडलेलं, कारभारीचं गळ्याजवळचं हाड. त्याला बाहेर काढला तर तो आधी संपतच्या बाजूला गेला. तिथं बराच वेळ उभा राहिला. मग पुढं येऊन चाकांकडं बघितलं. पुढची दोन्ही चाकं साबूत होती, सरळ. एकावर कागदाची पट्टी अजून थोडी चिकटलेली. मग मागं गेला. मागची नायलॉन चिखलात, उघडीबोडकी. तेवढ्यात कुणीतरी ट्रक थांबवला आणि आम्हाला त्यात घातलं. लाडवांचा डबा कुठं गेला ते मी विचारलं नाही.

पार्वतीला त्या दिवाळीत भाऊबीज नव्हती. ती पाटासमोर रिकामं ताट घेऊन बसली वगैरे काही नाही. त्या दिवशी ती माझ्या गाड्यावर आली आणि तिनं दिवसभर हार ओवले. बरे ओवले.

गाडी भंगारात गेली. कारभारीनं पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही, पण स्टँडवर यायचा रोज. एके दिवशी रशीदभाईच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "रेडियल कसा वळखायचा ते दाव." त्याला वाचता येत नव्हतं. रशीदभाईनं टायरच्या कडेवरचं इंग्रजीतलं आर दाखवलं. मी चौथी शिकलेली, इंग्रजी मलाही येत नाही, पण ते अक्षर मला कारभारीनं शिकवलं. पोट पुढं काढून आणि एक पाय तिरका टाकून माणूस उभा असावा तसं दिसतं. "असा मानूस दिसला की रेडियल," म्हणाला. त्याला तेवढं एकच अक्षर येत होतं.

मग तो फिरायला लागला. पूर्वीही फिरायचा, पण आता वाकून. स्टँडवर येईल त्या गाडीच्या चारी चाकांपाशी वाकायचा, कडा चाचपायचा. "पुढं आर हाय. मागं नाय. काढ." सुरुवातीला ड्रायव्हर ऐकायचे, त्याच्यावर काय गुदरलं ते ठाऊक होतं म्हणून. काहींनी टायर बदललेही. पण रोज कोण ऐकणार? चेष्टा सुरू झाली. कारभारी येताना दिसला की ओरडायचे, "आरटीओ आला, आरटीओ!" तो चिडायचा नाही. जो माणूस एका फेट्यासाठी ताटावरून उठला होता, तो आता शिव्या खाऊन पुढच्या गाडीकडं जायचा.

पुढं तो हवा सोडायला लागला. ज्याच्या गाडीला पुढं आर आणि मागं नाही, त्यानं ऐकलं नाही की काडी घेऊन वॉल्व्ह दाबायचा. एकानं त्याला बेदम मारला. पार्वती येऊन त्याला घेऊन गेली. मी तिला विचारलं, "अडवत का नाहीस?"

ती म्हणाली, "काय म्हनून आडवू? हवाच सोडत्यात ना?"

मी त्याला शेवटचं बघितलं ते एका लग्नाच्या दिवशी. नवरदेवाची पांढरी गाडी माझ्याकडं सजवायला आली होती. मी बॉनेटवर झेंडूच्या माळा बांधत होते. वाजंत्री वाजत होती, नवरदेव आत बसलेला, मुलाचा चुलता फेटा बांधून घाई करत होता. कारभारी आला. गाडीभोवती फिरला, वाकला, पुन्हा वाकला. पुढं दोन कोरे टायर, मागं झिजलेले. मी माळ बांधता बांधता बघत होते.

त्यानं आधी नीट सांगितलं. "पाव्हनं, पुढची दोन मागं घ्या. ह्ये रेडियल हाय, ते नाय."

चुलता म्हणाला, "नवरदेवाची गाडी आहे. नवं पुढंच दिसायला पाहिजे."

कारभारी त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. मग खाली बसून पुढच्या चाकात काडी घातली. हवा सुटल्याचा आवाज वाजंत्रीतही ऐकू आला. वाजंत्री थांबली. चुलत्यानं त्याला फाडकन थोबाडीत मारली. टोपी चिखलात पडली. कारभारीनं टोपी उचलली नाही. तो सरकत दुसऱ्या चाकापाशी गेला आणि त्याचीही हवा सोडली. मग त्या चाकाला पाठ लावून, पाय पसरून रस्त्यावर बसला. लोकांनी ओढलं, लाथ मारली, "मुहूर्त टळतोय" म्हणून नवरदेवाची आत्या रडायला लागली. तो बसून होता. पाय क्लच दाबत नव्हता, हात किल्ल्या वाजवत नव्हते. फेटा बांधून घेताना उभा होता तसा गप.

शेवटी रशीदभाई जॅक घेऊन आला. चुलत्याला म्हणाला, "शेठ, हवा भरायची तर मी भरतो. पन कोरी चाकं मागं लावून देईन. नाय तर दुसरीकडं जा." दुसरीकडं जायला गाडीत हवा कुठं होती? शिव्या देत देत त्यांनी लावू दिली. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. मी उरलेली माळ मागच्या डिक्कीला बांधली. गाडी निघाली आणि कारभारी उठून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. ती वळेपर्यंत तिच्या मागच्या चाकांकडं बघत होता. टोपी मी उचलली, झटकली, त्याच्या हातात दिली. त्यानं ती डोक्याला न घालता खिशात कोंबली आणि पुढच्या गाडीकडं गेला.

ते लग्न लागलं का, मुहूर्त गाठला का, मला माहीत नाही. गाडी पोचली असेल. न पोचलेल्या गाडीची बातमी स्टँडवर येते. थोड्याच दिवसांत कारभारी आणि पार्वती सिन्नरकडं गावी राहायला गेले. मला ते पुन्हा भेटले नाहीत.

घोटीच्या पुढच्या त्या वळणावर गाडीत आम्ही चौघं होतो. पार्वती जगली. मी जगले. कारभारी जगला. संपत मानाच्या खिडकीत होता.